आजोबांच्या सुरीला मी लावलेली धार

मिलिंद,

तुला जाऊन पाच आठवडे झाले. तुझे धार लावायचे दगड करुणावहिनींनी काल माझ्याकडे आणून दिले. सायकलच्या मागच्या पिशवीत घालून त्या स्वतः आल्या, आमच्या दारातल्या फरशीवर पिशवी ठेवली, दोन पावलं मागे सरल्या आणि मास्कच्या आडून म्हणाल्या, "तुमच्याशिवाय कुणाला कळणार आहेत हे?" मी त्यांना आत या म्हणालो नाही. सध्या कुणीच कुणाला आत या म्हणत नाही. माझ्यासारख्यांची त्यात बरी सोय झाली आहे.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी तुझ्याबद्दल दोनशे शब्द मागितले होते. मी 'सदैव हसतमुख' असं लिहिलं आणि खोडलं. तू सदैव हसतमुख नव्हतास. चुकीच्या कोनात धार लावणाऱ्या माणसाकडे बघताना तर मुळीच नव्हतास. मग 'सर्वांच्या मदतीला धावून जाणारा' असं लिहिलं. ते खरं होतं, पण ते कुणीही लिहिलं असतं. शेवटी मी कळवलं की मला जमत नाही.

मला तुझ्याशी एकाच गोष्टीबद्दल बोलायचं आहे. तुझ्या आजोबांच्या सुरीबद्दल, आणि तिच्यापायी मी तुझ्याशी जे खोटं बोललो त्याबद्दल. तू असताना माझ्याकडे अकरा महिने होते. त्यात ते झालं नाही. आता यशूला विचारून लिहितो आहे. तुझी मुलगी म्हणाली, "लिहा. मला वाचायला वेळ लागेल, पण लिहा."

नेदरलंड्समधल्या या बेस्ट गावी आलो तेव्हा मी एकटा होतो. मुलांचं शाळेचं वर्ष संपेपर्यंत मीनल पुण्यातच राहणार होती. ऑफिसात पहिल्याच आठवड्यात जेवणाच्या टेबलाशी तू समोर येऊन बसलास, खिशातून लाकडी मुठीचा घडीचा चाकू काढलास आणि सफरचंद कापायला लागलास. त्याचं पातं करडं, निळसर, डागाडागांचं होतं.

"गंजलाय रे तो," मी म्हणालो. ओळख व्हायच्या आधी सल्ला देण्याची आमच्याकडे पद्धतच आहे.

"पुण्याचे का?"

"हो. कसं ओळखलं?"

"असंच," तू म्हणालास आणि एक फोड माझ्यापुढे सरकवलीस. "गंज नाही हा. सफरचंदं आहेत. बारा वर्षांची."

साधं पोलाद फळाच्या आंबटाने काळवंडतं आणि मग तोच काळेपणा त्याला गंजापासून राखतो, हे तू मला त्या दिवशी समजावून सांगितलंस. त्या रविवारी जेवायला बोलावलंस. वहिनींनी झणझणीत वांग्याची भाजी केली होती. जेवण झाल्यावर तू मला मागच्या अंगणातल्या शेडमध्ये नेलंस आणि लाकडी खण एकेक करून उघडत गेलास. जर्मनीतल्या झोलिंगेनचे जुने घडीचे चाकू, फिनलंडचे बर्चच्या मुठीचे पुक्को, एका म्हाताऱ्या शिकाऱ्याच्या बायकोने दिलेली शिंगाच्या मुठीची सुरी. मी थक्क झालो आणि थक्क झालो की मी काहीतरी वावगं बोलतो.

"तुम्ही बुद्धाचे, अहिंसावाले ना रे? आणि हे एवढे चाकू?"

"अबे, चाकू काय आपला आपण चालत जातो का?" तू म्हणालास. "हे घे. टोमॅटो काप."

तसा मी तुझा शागीर्द झालो. दर शनिवारी दुपारी पाण्यात भिजवलेला दगड, त्यावर पातं, एका हाताने मूठ आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं धारेजवळ. "दाबतो काहून एवढं? पोळ्या लाटायला बसला का?" हे वाक्य तू मला किती वेळा ऐकवलंस. दगडावर पातं बरोबर चालत असलं की आवाज बदलतो, हे कळायला मला सहा महिने लागले. पात्याच्या पलीकडच्या कडेला जी बारीकशी खरखर उठते ती बोटाला लागणं, मग बाजू उलटणं, मग ती खरखर चामड्याच्या पट्ट्यावर पुसून घेणं. पहिल्यांदा माझ्या धारेने वर्तमानपत्राचा कागद आवाज न करता उभा चिरला, तेव्हा तू तो कागद घडी करून खणात ठेवलास. माझ्या वडिलांनी माझ्या कुठल्या गुणपत्रिकेचं एवढं केलं नव्हतं.

आपलं एकच भांडण होतं आणि ते मिटलं नाही. मी चाकू विकत घ्यायला लागलो, महागडे, जपानी, आरशासारख्या पात्यांचे, आणि डबीत ठेवायला लागलो. "ज्याने काही कापलं नाही तो चाकू नाही, फोटो आहे," तू म्हणायचास. मी म्हणायचो, सुंदर वस्तू नुसती बघायची पण असते. तू म्हणायचास, वापरलेल्याच वस्तूकडे बघण्यासारखं काही असतं. यावर मी अजूनही तुझ्याशी भांडू शकेन. पण तुझ्या बोलण्यातलं खरं मला फार महागात पडून कळलं.

दोन हजार एकोणीसच्या शरद ऋतूत तू मला जवळच्याच एका गावात चाकूंच्या मेळ्याला घेऊन गेलास. गावच्या हॉलमध्ये लांब टेबलं होती, कॉफीचा वास होता, जॅकेट घातलेली म्हातारी माणसं होती. एका टेबलावर हिरव्या मखमलीवर एक आखूड सुरी ठेवली होती, गोलसर पोटाची, टोकाला किंचित वर वळलेली. विक्रेत्याने आपल्याला ती हातात धरून समजावली. हरणाचं कातडं सोलायला ही असते, पोट गोल असलं की कातड्याला भोक पडत नाही. तू त्याला डच भाषेत काहीतरी म्हणालास. त्याने हसून तुझा हात हातात घेतला, एका कसबी माणसाने दुसऱ्याचा घ्यावा तसा.

"काय म्हणालास रे?"

"म्हटलं, हे मला माहीत आहे. आमच्या घरचं काम होतं."

"कसलं काम?"

"घरी चल, दाखवतो."

घरी कुणी नव्हतं. वहिनी बाहेर गेल्या होत्या, यशू तिच्या विद्यापीठाच्या गावी होती. तू चहा टाकलास आणि धोतराच्या जुन्या तुकड्यात गुंडाळलेली एक सुरी टेबलावर ठेवलीस. बाभळीच्या लाकडाची मूठ, तिला चामड्याची वादी आवळलेली. पातं वीतभर, अगदी त्या मखमलीवरच्या सुरीसारखं गोल पोटाचं. फक्त तिच्या धारेची दशा झालेली. जागोजागी खोल दाते पडलेले, कड चपटी झालेली.

"आमच्या आबांची," तू म्हणालास. "गावात ढोर मेलं की ओढून न्यायचं, कातडं सोलायचं. हे आमच्याकडे होतं. तुला माहीत असेलच."

"हं," मी म्हणालो.

"मग सभेला गेलेली माणसं परत आली. म्हणाली, आजपासून हे काम बंद. गाव म्हणालं, बघू कसं बंद करता. पाटलाचा बैल मेला. तीन दिवस तसाच पडून. सगळ्या गावात वास. वस्तीतलं कुणी हललं नाही. चौथ्या दिवशी सगळे नदीवर जमले आणि ज्याने त्याने आपली सुरी डोहात टाकली. आबांनी नाही टाकली. ते काळ्या खडकावर बसले आणि दगड घेऊन धारेवर मारत राहिले. आमचे बापू तेव्हा नऊ वर्षांचे. त्यांनी विचारलं, आबा, सगळे टाकून राहिले, तू काहून ठेवतो?"

तू पुढेही बोललास. मी तोवर सुरी उचलली होती, खिडकीकडे धरली होती आणि तिच्या पाठीची जाडी नखाने मापत होतो. तुझं बोलणं थांबलेलं जाणवलं तेव्हा मी विचारलं, "पोलाद कुठलं असेल रे हे?"

तू क्षणभर माझ्याकडे बघितलंस. मग म्हणालास, "धावेचं असेल. बैलगाडीच्या चाकाची धाव. लोहाराने करून दिली असेल." आणि चहा गाळायला उठलास.

मिलिंद, मी त्या वेळी पोलादाच्या नादात होतो असं मी स्वतःला वर्षभर सांगत आलो. ते खरं नाही. तू 'ढोर' म्हणालास, 'सोलायचं' म्हणालास, आणि माझी नजर तुझ्यावरून हटली. किळस नव्हती. संकोच होता. कुठे बघावं ते कळेना. सुरी समोर होती, म्हणून सुरीकडे बघितलं. माझ्या घरात कुणी कुणाचं ढोर ओढलं नव्हतं. कुणाकडून ओढवून घेतलं होतं का, हे मी कधी विचारलं नव्हतं. विचारायची वेळच येऊ नये अशा घरात मी वाढलो. तू तुझ्या घरातली सगळ्यात जपलेली गोष्ट माझ्यापुढे ठेवलीस आणि मी तिचा धातू विचारला.

जानेवारीत तुम्ही तिघं नागपूरला गेलात. झाडांना पाणी घालायला किल्ली माझ्याकडे होती. फेब्रुवारीत तुझा पन्नासावा वाढदिवस होता आणि तुला काय द्यावं ते मला सुचत नव्हतं. चाकू द्यावा तर तुझ्याकडे माझ्याहून चांगले. एका शनिवारी शेडमध्ये खालचा खण उघडला आणि ती सुरी दिसली.

ती गोष्ट मी विसरलो नव्हतो. पण माझ्या डोक्यात तिचं जे उरलं होतं ते असं की आजोबांची सुरी वापर संपल्यावर बोथट होऊन पडली आहे, बिचारी. बाकीचं मी तेव्हाच बाजूला सारलं होतं. दोन शनिवार मी तुझ्याच टेबलाशी, तुझ्याच दगडांवर काम केलं. आधी सगळ्यात भरड दगडावर दाते घालवले. फार खोल होते ते, पुष्कळ धातू काढावा लागला. मग मधला दगड, मग बारीक, मग चामड्याचा पट्टा. दगड भिजवायच्या भांड्यातलं पाणी करडं झालं, ते मी तुझ्या तगरीच्या कुंडीत ओतलं. तुझ्याकडून शिकलेलं सगळं मी त्या पात्यात ओतलं. अशी धार मी त्याआधी कधी लावली नव्हती. नंतरही लावली नाही.

वाढदिवसाला ऑफिसातल्या लोकांनी तुझ्या पुढच्या अंगणात पेंढा भरलेला अब्राहाम आणून बसवला होता. इथे माणूस पन्नाशीचा झाला की त्याने अब्राहाम पाहिला म्हणतात. त्या बाहुल्याला कुणीतरी पुणेरी पगडी घातली होती. ते काम माझं असणार असं तू सगळ्यांना सांगत होतास आणि ते माझंच होतं. आत खुर्च्या गोलाकार मांडलेल्या, प्रत्येक जण प्रत्येकाचं अभिनंदन करतो आहे. केक कापायच्या आधी मी तुला हाताला धरून शेडमध्ये नेलं.

"डोळे मीट."

"अबे लोक थांबलेत."

"मीट रे."

मी सुरी टेबलावर ठेवली. सुरी हातातून हातात द्यायची नाही, भांडण होतं, म्हणून आपण दोघंही नेहमी खाली ठेवून द्यायचो. तुझी आई तसं सांगायची, माझीही. त्या बाबतीत आपली घरं एक होती. तू डोळे उघडलेस, सुरी उचललीस आणि अंगठा धारेवर आडवा फिरवलास, हळूच, मला शिकवलं होतंस तसा.

"आता बाहेर जाऊन हिनेच केक काप," मी म्हणालो.

तू टेबलावरचा पार्टीचा कागदी रुमाल घेतलास, त्यात सुरी गुंडाळलीस, खालच्या खणात ठेवलीस. "चल, लोक थांबलेत," म्हणालास. बाहेर येऊन स्वयंपाकघरातल्या पाव कापायच्या सुरीने केक कापलास आणि प्रत्येकाला बशी नेऊन दिलीस. मला दिलीस तेव्हा मोठा तुकडा दिलास. मी मीनलला घरी येऊन सांगितलं की मिलिंदचे डोळे भरून आले होते, त्याला बोलताच येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू मला कालव्याकाठी फिरायला बोलावलंस. गार वारा होता.

"कोणी सांगितलं होतं बे तुला?"

"काय?"

"धार लावायला."

"सरप्राइज होतं रे. आवडलं नाही का?"

"आबांनी बोथट केली होती ती. हातांनी. त्यातला एकेक दाता म्हणजे त्यांचा एकेक फटका होता." तुझा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "साठ वर्षांहून जास्त आमच्या घरात कोणी तिला दगड लावला नाही. बापूंनी नाही, मी नाही."

तेवढ्यात मला सगळं आठवलं. काळा खडक, पाटलाचा बैल, तीन दिवस, सगळं. आणि मी म्हणालो, "हे तू मला कधी सांगितलंच नाहीस, मिलिंद."

तू थांबलास. "नाही सांगितलं?"

"नाही."

"मेळ्यावरून आलो त्या दिवशी? मला वाटतं की..."

"त्या दिवशी आपण पोलादाबद्दल बोललो. बैलगाडीची धाव म्हणालास तू."

हे खरं होतं. म्हणूनच ते खोटं इतकं घट्ट बसलं. तू कपाळाला आठ्या घालून आठवत राहिलास. मी तुला आठवू दिलं. मग तू म्हणालास, "मग माझीच चूक आहे, अभ्या. सांगायला पाहिजे होतं. सॉरी."

"चालतं रे," मी म्हणालो. "होतं असं."

ही दोन वाक्यं मी रोज ऐकतो. मोठा गुन्हा धार लावण्याचा नव्हता. ती अडाणीपणाची चूक होती आणि तू ती कधीतरी पोटात घातली असतीस. पण तू माझी माफी मागितलीस आणि मी ती घेतली. वर उदार होऊन घेतली.

मग कार्निव्हल आला, त्यापाठोपाठ आपल्या ब्राबांत प्रांतात कोरोनाचा आजार आला आणि सगळं बंद झालं. माणसं घरात बसून स्वयंपाक करायला लागली आणि त्यांना आपल्या सुऱ्या बोथट असल्याचा शोध लागला. तू तुझ्या पुढच्या भिंतीवर एक लाकडी पेटी ठेवलीस. शेजारीपाजारी त्यात टॉवेलात गुंडाळून सुऱ्या ठेवायचे, दुसऱ्या दिवशी धार लावलेल्या घेऊन जायचे. काम वाढलं तेव्हा तू निम्म्या माझ्याकडे पाठवायला लागलास. "शागीर्द तयार आहे माझा," असं तू पलीकडच्या म्हाताऱ्या बाईंना सांगितलंस. मी दीड मीटरवर उभा राहून ते ऐकलं.

त्या सबंध वर्षात तू सुरीचं नाव काढलं नाहीस. उलट माझ्याशी जरा जास्तच मायेने वागलास, जणू तुझ्याकडून काही राहून गेलं होतं आणि तू ते भरून काढत होतास. कधी वाटतं, तुला खरं आठवलं होतं आणि तू मला वेळ देत होतास. कधी वाटतं, तुला खरंच वाटलं असेल की पन्नाशीत आपलं डोकं चालेनासं झालं. यातलं कुठलं अधिक वाईट ते मला ठरवता येत नाही.

आणखी एक. ती पुन्हा बोथट करायला तुला पाच मिनिटं लागली नसती. तू केली नाहीस. ते काम आबांचं होतं, आपलं नाही, असं तुला वाटलं असणार. हे मी विचारायला हवं होतं. अशा किती गोष्टी.

डिसेंबरअखेर तुला ताप आला. मीनलने मुगाची खिचडी केली, ती मी तुझ्या दारात ठेवली, घंटी वाजवली आणि रस्त्यापर्यंत मागे आलो. तू वरच्या खिडकीत आलास, फोन कानाला लावून.

"काय बे पुणेकर, तूप टाकलं का नाही? की वास दाखवला नुसता?"

"वेगळ्या डबीत आहे. कसा आहेस?"

"झोपून झोपून पाठ दुखून राहिली." तू खोकलास. काचेवर हात टेकून खोकलास. मी वाट बघितली.

"मिलिंद, मला तुला एक सांगायचं आहे."

"सांग ना."

तू खिडकीत उभा होतास. रस्ता रिकामा होता. एवढी मोकळी जागा आणि एवढा मोकळा वेळ मला परत मिळणार नव्हता.

"बरा हो आधी," मी म्हणालो. "मग सांगतो."

"बरं," तू म्हणालास. "वाट पाहतो."

चार दिवसांनी तुला इस्पितळात नेलं. तिथून तू मला अंगठ्याचं एक चित्र पाठवलंस. त्यानंतर काही आलं नाही.

अंत्यसंस्काराला मोजकीच माणसं चालणार होती. वहिनींनी मला त्यांत धरलं होतं. मी म्हणालो, नातेवाइकांना द्या ती जागा. त्यांना ते मोठेपणाचं वाटलं. इथे तुमचे नातेवाईक आहेत कुठे, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी इस्त्रीचा शर्ट घालून लॅपटॉपसमोर बसलो. वहिनींच्या भावाने नागपूरहून फोनवर त्रिशरण म्हटलं. त्याचा आवाज मागे राहत होता. वहिनी आणि यशू त्याच्यासाठी थांबत होत्या, पुन्हा सुरू करत होत्या. समोरची एक खुर्ची रिकामी होती. ती माझी असावी.

मी कदाचित हे कुणाला सांगितलंच नसतं. पण परवा यशूचा फोन आला.

"अभय काका, आबांची सुरी शार्प कशी काय आहे?"

लहानपणी घरातली ती एकच सुरी तिला हातात घ्यायला मिळायची. तू म्हणायचास, ही कुणाला लागत नाही. तुझ्या आठवणीने तिने खण उघडला, कागदी रुमाल सोडला आणि लहानपणी फिरवायची तसा अंगठा धारेवरून सरळ ओढला. हाउसआर्ट्सकडे, आपल्या घरच्या डॉक्टरकडे जाऊन तीन टाके घालावे लागले. "आई म्हणते तिला माहीत नाही. म्हणाली, अभयना विचार." तू त्यांना सांगितलं नव्हतंस, मिलिंद. एक वर्ष या बाबतीत माझं नाव तू त्यांच्यापाशी काढलं नाहीस.

आम्ही कालव्याकाठच्या बाकावर भेटलो. ती एका टोकाला, मी दुसऱ्या. तिच्या अंगठ्याला पांढरी पट्टी होती. मी सगळं सांगितलं, मेळ्यापासून खिडकीपर्यंत. मी लिहिलं आहे त्यापेक्षा वाईट सांगितलं, अडखळत, मधेच स्वतःची बाजू घेत.

"थांबा," ती म्हणाली. "म्हणजे बाबा तुम्हाला सॉरी म्हणाला?"

"हो."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"चालतं रे, म्हणालो. होतं असं."

ती म्हणाली, "हे मला का सांगताय? माझ्यासाठी, की तुम्हाला बरं वाटावं म्हणून?"

"बरं वाटत नाहीये."

"गुड," ती म्हणाली. "पण म्हणजे तुम्हाला ती स्टोरी माहीत आहे. मला सांगा. बाबा मला नेहमी शॉर्ट व्हर्जन सांगायचा. आबांनी बोथट केली, एवढंच. म्हणायचा, यशू, तुझं मराठी सुधारलं की पूर्ण सांगतो. ती ट्रान्सलेट नाही करता येत." तिला किंचित हसू आलं. "मी क्लास लावला होता. ऑनलाइन. त्याला सांगितलं नव्हतं."

मी सांगायला लागलो. जमेल तितकं सावकाश, तुझ्याच शब्दांत. सभेहून परतलेली माणसं. पाटलाचा बैल. तीन दिवस. तिने मधे फक्त 'डोह' म्हणजे काय ते विचारलं. डोहात पडत गेलेल्या सुऱ्या. काळ्या खडकावर बसलेले आबा आणि दगडाचे फटके. नऊ वर्षांचे बापू जवळ आले आणि त्यांनी विचारलं, आबा, सगळे टाकून राहिले, तू काहून ठेवतो?

"मग?"

"मग आबांनी त्यांना उत्तर दिलं."

"काय?"

तुझे ओठ हललेले मला दिसतात, मिलिंद. चहाचा वास येतो. नखाखाली पात्याची पाठ लागते, दोन-अडीच मिलिमीटर, ते मात्र मला पक्कं आठवतं.

"मला माहीत नाही, यशू. तुझ्या बाबाने सांगितलं. मी समोर बसलो होतो. मी ऐकलं नाही."

"आईला माहीत असेल?"

"दगड घेऊन आल्या तेव्हा त्यांना विचारलं मी. त्यांनाही तू म्हणतेस तेवढंच माहीत आहे."

"मग कुणाला विचारायचं?"

बापू गेले त्याला नऊ वर्षं झाली. तू एकुलता एक. तिचं तिलाच कळलं.

ती उठली, पट्टीचा हात जपत तिने सायकल स्टँडवरून काढली. रागावलेली नव्हती. तुझ्यासारखीच, आवाज न चढवता, तिने एकच गोष्ट नीट समजून घ्यावी तशी विचारली.

"म्हणजे बाबानंतर ते ऐकलेलं शेवटचं माणूस तुम्ही होता?"

मी हो म्हणालो.